आईचा आवाज खिडकीतून का येतो?

भिंतीवरच्या पडद्यावर आई अगदी समोर उभी होती. तिचे ओठ हलत होते, ती हसत होती, आणि तिचा आवाज मात्र उजवीकडच्या खिडकीतून येत होता.

मृण्मयीने पडद्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर मिरजेतलं शनिवार दुपारचं ऊन होतं आणि समोरच्या इमारतीची गच्ची होती. आई तिथे असणं शक्यच नव्हतं. ती होती लक्षद्वीपजवळ, समुद्राच्या तळावर.

"बाबा, हे असं काय होतंय?"

"आवाज कमी पडत असणार," असं म्हणत बाबांनी ॲम्प्लिफायरचं (ध्वनीच्या दुबळ्या विद्युतसंदेशाला बळ देऊन स्पीकर हलवणाऱ्या यंत्राचं) बटण फिरवलं. दुकानातला सगळ्यात मोठा ॲम्प्लिफायर त्यांनी आणला होता. तो उचलताना बाबा आणि घरातला यंत्रमानव गुंड्या, दोघंही घामाघूम झाले होते. म्हणजे बाबा घामाघूम झाले होते आणि गुंड्याचे सांधे कुरकुरले होते.

आवाज मोठा झाला, पण तो अजूनही खिडकीतूनच येत होता.

"अण्णा, मी इथे आहे," आई म्हणाली. "या ना, माझ्याजवळ या."

आजोबा खुर्चीतून उठले. वर्षभरापूर्वी डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली होती. लेकीच्या हाकेसरशी त्यांनी हात पुढे केला आणि ते चालू लागले, थेट खिडकीकडे. मृण्मयी ओरडेपर्यंत त्यांचा पाय टीपॉयला अडकला, पाण्याचा तांब्या खणखणत गेला आणि आजोबा कोपरावर आपटले. पडद्यावर आई हसतच होती. तो तिने चाचणीसाठी आधीच पाठवलेला निरोप होता. इथे काय झालं ते तिला कसं कळणार?

"बंद करा ते," आजोबा म्हणाले. बाबांचा हात बाजूला सारून, भिंत चाचपत ते आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

हा सगळा खटाटोप खरं तर आजोबांसाठीच चालला होता. मृण्मयीची आई समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायची आणि 'शंखिनी' नावाच्या समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत राहायची. सोमवारपासून तिथे मौनकाळ सुरू होणार होता. देवमासे पिल्लांना घेऊन त्या भागातून जातात तेव्हा त्यांना त्रास नको, म्हणून प्रयोगशाळेतली घरघरणारी यंत्रं आणि घरच्यांशी होणारं बोलणं काही महिने बंद ठेवत. त्याआधीची शेवटची भेट रविवारी संध्याकाळी होती. "अण्णांना मी माझं इथलं घर कानांनी दाखवणार आहे," आईने कळवलं होतं. तिच्याकडे सगळीकडून आवाज टिपणारा मायक्रोफोनचा गोळा होता. तिथे जो आवाज ज्या दिशेने येईल, तो मिरजेच्या घरातही त्याच दिशेने ऐकू यायला हवा होता. त्यासाठी बाबांनी घरात चित्रपटगृहासारखी मांडणी केली होती. समोर, बाजूला, मागे स्पीकर होते आणि छताला दोन टांगले होते.

आणि आजोबा तर पडले.

मृण्मयी बर्फाची पिशवी घेऊन त्यांच्या खोलीत गेली. आजोबा पलंगाच्या कडेला बसले होते.

"दुखतंय का खूप?"

"कोपराचं काही नाही गं." त्यांनी बर्फाची पिशवी कोपरावर धरली. "मी तिच्याकडेच चाललो होतो, मृणू. मला वाटलं, निदान कान तरी धड आहेत."

मृण्मयी त्यांच्या शेजारी बसली. तिचे आजोबा ध्वनीचे शास्त्रज्ञ होते. नाट्यगृहांत आवाज नीट पोचावा म्हणून त्यांनी देशभर काम केलं होतं. पण दृष्टी गेल्यापासून ते कशातच भाग घेत नसत आणि घरातलेही त्यांना काही विचारत नसत. कुणाला त्यांना दुखवायचं नव्हतं इतकंच.

"आजोबा, मला काही म्हणजे काही कळत नाहीये," ती एका दमात म्हणाली. "आई समोर आणि आवाज खिडकीत. बाबा म्हणतात, याच्याहून मोठा ॲम्प्लिफायर आणू. गुंड्या म्हणतो, प्रोसेसर बदला. मला दोन्ही काळे डबेच दिसतात. गुंड्याला विचारलं तर तो 'प्रति चॅनेल दोनशे वॅट' म्हणतो. म्हणजे काय विचारलं, तर परत तेच म्हणतो, फक्त सावकाश!"

आजोबांच्या ओठांच्या कडेला हसू आलं की काय, तिला नीटसं दिसलं नाही.

"जरा लांब जा आणि चुटकी वाजव," ते म्हणाले.

मृण्मयीने कपाटापाशी जाऊन चुटकी वाजवली. आजोबांनी अचूक तिच्याकडे बोट केलं. तिने दाराआड जाऊन वाजवली, पलंगाखाली वाकून वाजवली. बोट दर वेळी बरोबर.

"मग कान बिघडलेले नाहीत तुमचे!"

"दिसतंय तरी तसंच." आता ते खरंच हसले. "मी ओळखतो कसं, सांग बरं. तू डावीकडे चुटकी वाजवलीस की तो आवाज माझ्या डाव्या कानाशी आधी पोचतो आणि उजव्याशी मागाहून. किती मागाहून? सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ठरवतो. उजव्या कानापर्यंत जाताना डोकं मध्ये येतं, म्हणून तिथे आवाज थोडा मंदही होतो. मागचं-पुढचं, वरचं-खालचं कळायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात."

मृण्मयीने नकळत आपला कान चाचपला.

"आता सांग, बाहेर माझ्या खुर्चीला सगळ्यात जवळचा स्पीकर कुठला आहे?"

"खिडकीजवळचा. तुमच्या हाताशीच आहे की तो." ती थबकली. "म्हणजे त्याचा आवाज आधी पोचतो?"

"तुमच्या त्या भल्यामोठ्या डब्याने रेवतीचा आवाज सगळ्या स्पीकरांतून एकाच वेळी सोडला. जवळच्याचा आवाज कानाशी आधी पोचला. सारखेच आवाज अगदी पाठोपाठ आले की मेंदू पहिल्यालाच खरा धरतो. मीही धरला आणि गेलो खिडकीकडे."

"पण मग बाबांनी आवाज वाढवला तेव्हा?"

"सगळेच वाढले. जो पहिला होता तो पहिलाच राहिला. ॲम्प्लिफायर म्हणजे नुसती दंडातली ताकद, बेटा. त्याला जे दिलं ते तो जोरात करणार. काय द्यायचं, कुठल्या स्पीकरला द्यायचं आणि कधी, हे ठरवायला डोकं लागतं. ते डोकं म्हणजे प्रोसेसर (आलेल्या ध्वनीची स्पीकरांमध्ये वाटणी आणि वेळ ठरवणारा संगणक)."

"कधी म्हणजे? सगळ्यांना एकदमच द्यायला हवं ना?"

"तुम्हा मैत्रिणींना शाळेच्या फाटकाशी एकाच क्षणी पोचायचं असेल तर?"

मृण्मयीने विचार केला. "मी शाळेजवळ राहते, म्हणून मी उशिरा निघेन. लांबच्या मुली आधी निघतील."

"प्रोसेसर तेच करतो. खिडकीजवळच्या स्पीकरला जरा थांबवून धरतो, लांबच्याला आधी सोडतो. मग सगळे आवाज ज्या क्रमाने कानाशी यायला हवेत, त्याच क्रमाने येतात."

तेवढ्यात दारातून बाबांचा आवाज आला. ते कधीचे तिथे उभे होते कोण जाणे. "अण्णा, माझं चुकलं. डबा आणण्याआधी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

"मीही दार लावूनच बसलो होतो, जावईबापू," आजोबा म्हणाले. "तो डबा परत पाठवा आणि मला माझ्या खुर्चीपाशी न्या."

रविवारी सकाळी दुकानाच्या ड्रोनने नवा प्रोसेसर आणि नवा ॲम्प्लिफायर आणून दिला. ॲम्प्लिफायर मृण्मयीने निवडला होता. आदल्या संध्याकाळी आजोबा डुलकी घेत होते, तेव्हा तिने दुकानाकडून तो मागवून टाकला होता. मोठा असण्याचा काही उपयोग नसतो हे तिला आता पक्कं समजलं होतं, म्हणून तिने सगळ्यांत छोटा मागवला. तो डब्याएवढाही नव्हता, वहीएवढा होता.

आजोबांच्या सांगण्यावरून तिने खुर्चीवर, त्यांचे कान येतात त्या उंचीवर, एक इवला मायक्रोफोन ठेवला. मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीने 'ठुश्श' असा आवाज करू लागला. 'ठुश्श' निघाल्यापासून मायक्रोफोनपर्यंत पोचायला किती वेळ लागला, त्यावरून प्रोसेसरने प्रत्येक स्पीकरचं अंतर काढलं. मध्येच आजोबांनी एक टाळी वाजवली, डोकं कलतं करून ऐकलं आणि म्हणाले, "काच फार बोलतेय. आवाज तिच्यावर आपटून परत येतोय. खिडकीवर काहीतरी जाड लाव." गुंड्याने खिडकीवर गोधडी टांगली.

चाचणीचा निरोप पुन्हा लागला.

"अण्णा, मी इथे आहे."

आवाज समोरून आला. पडद्यावर आईचे ओठ होते, बरोबर तिथून. मृण्मयीने उडीच मारली. आजोबांचा चेहरा सरळ पडद्याकडे वळला होता. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते.

"आणि हे आमचे शेजारी," आई म्हणाली. एका देवमाशाचा लांबलचक स्वर सुरू झाला, चढत गेला, आणि मग फर्र्र! फाटक्या कापडासारखा आवाज खोलीभर झाला. मृण्मयीने कान झाकले. गुंड्या छोट्या ॲम्प्लिफायरवर हात ठेवून म्हणाला, "तापमान इस्त्रीइतकं."

"आता का?" मृण्मयी रडकुंडीला आली. मोठा चुकला म्हणून छोटा आणला, तर छोटाही चुकला. "तुम्हीच म्हणालात ना, ताकदीने काही होत नाही?"

"ताकदीने दिशा कळत नाही, असं म्हणालो. ताकद लागतच नाही, असं नव्हतो म्हणालो. इकडे ये." आजोबांनी तिला जवळ बसवलं. "आवाज म्हणजे लाट. हळू बोलणं ही बुटकी लाट, देवमाशाची हाक ही उंच लाट. तुझा डबा म्हणजे ठेंगणं दार. रेवती आरामात आत आली. मग फेटा बांधलेला उंच गडी आला आणि त्याचा फेटा चौकटीला आपटून खाली पडला. लाटेचे माथे असे छाटले गेले की फर्र होतं. फार वेळ चाललं तर स्पीकरही जळू शकतो."

"मग पहिलाच परत आणायचा?" तिला काही उमजेना.

"आपली खोली केवढी? मी स्पीकरपासून किती लांब बसतो? दोन हातांवर बोलणाऱ्या माणसाला मैदानातला भोंगा कशाला? आणखी एक गंमत सांगतो. वॅट (ताकद मोजण्याचं माप) दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट मोठा वाटत नाही, जरासाच चढतो. दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणून दुकानातला मोठा आकडा पाहून भुलायचं नाही. गुंड्या, स्पीकरच्या पाठीवर काय लिहिलंय?"

"चार ओहम," गुंड्या म्हणाला. मग मृण्मयीकडे वळून सावकाश, "चा-र ओ-ह-म."

"ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप," आजोबा घाईने म्हणाले. "आपले स्पीकर कमी अडवतात, म्हणजे ॲम्प्लिफायरकडून जास्त वीज ओढतात. छोट्याला ते झेपलं नाही, म्हणून तो तापला. आता तूच निवड. मी मध्ये बोलणार नाही."

मृण्मयी गुंड्याच्या छातीवरच्या पडद्यासमोर बसली. दुकानात इतके काळे डबे होते की तिला पुन्हा गरगरायला लागलं. मग तिने एकेक प्रश्न मनाशी घेतला. आपल्याकडे जितके स्पीकर आहेत, तितके चॅनेल (प्रत्येक स्पीकरसाठी आवाजाची वेगळी वाट) आहेत का? नसले तर सोडून द्यायचं. निम्मे डबे गळाले. चार ओहमचे स्पीकर याला चालतील का? आणखी काही गळाले. उरलेल्यांत आपल्या बैठकीच्या खोलीला पुरून देवमाशाच्या हाकेपुरती ताकद शिल्लक राहील असा कुठला? तिने एकावर बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

"हा," ती म्हणाली. "बहुतेक."

"बहुतेक म्हणणाऱ्याने ऐकून बघायचं असतं," आजोबा म्हणाले.

दुपारी ड्रोन आला. या वेळी देवमाशाची हाक चढत चढत वर गेली, घुमली आणि अखंड खाली उतरली. बाबांनी कपाळाला हात लावला. "आणि मी म्हशीएवढा डबा उचलून आणला होता!"

संध्याकाळी खरीखुरी आई पडद्यावर आली. केस विस्कटलेले, मागे पाइपांचं जाळं. या वेळी ती खरोखर ऐकत होती.

"अण्णा, कोपर कसं आहे? मृणूच्या बाबांनी सांगितलं मला. माफ करा हं."

"कोपर ठीक आहे. तू कशी आहेस ते ऐकू दे."

"मी आता चालणार आहे. कुठे आहे ते ओळखा." आईने चित्र बंद केलं. मृण्मयीला वाटलं, आपणही डोळे मिटावेत. तिने मिटले.

चपलांचा आवाज डावीकडे गेला. मागे कुठेतरी पाणी ठिबकत होतं. भांडं हलल्याचा आवाज झाला.

"डावीकडे, भिंतीशी," आजोबा म्हणाले. "चहा करतेयस. पातेलं पातळ आहे, जळेल."

"अण्णा!" आई हसली. मग ती मागून बोलली, "आणि आता?"

"माझ्या मागे. वाकलीयस तू, काहीतरी उचलतेयस."

मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. अचानक, अगदी कानाजवळ, आई कुजबुजली, "अण्णा."

आजोबांचा हात उठला आणि उजव्या खांद्याशी हवेत थांबला. तिथे कुणी नव्हतं. पण हात ज्या जागी थांबला होता, तिथेच आईचा गाल असणार होता. मृण्मयीने डोळे उघडून ते पाहिलं आणि घाईने पुन्हा मिटून घेतले. बाबांनी जोरात नाक शिंकरलं.

"आता बाहेरचं ऐकवते," आई म्हणाली. "आमचे हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारे मायक्रोफोन) सुरू करते. मोठा कळप आलाय."

"थांब," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम जुना, वर्गात शिकवणाऱ्यासारखा झाला होता. "पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने धावतो. दोन्ही कानांशी तो जवळजवळ एकदमच पोचणार. पाण्यात माणसाला दिशा कळत नाही, रेवा. मग इथे कशी कळेल?"

मृण्मयीने डोळे उघडले. एवढं सगळं करून पुन्हा गोंधळच?

"म्हणून आम्ही हायड्रोफोन एकमेकांपासून लांब लांब ठेवलेत," आई म्हणाली. "कुणाला आवाज आधी मिळाला, कुणाला मागाहून, यावरून इथला प्रोसेसर दिशा काढतो. मग हवेत जेवढा फरक पडला असता तेवढा करून तुमच्याकडे पाठवतो."

"म्हणजे तो पाण्यातली वेळ आपल्या कानांच्या मापाची करून देतो!" मृण्मयी ओरडली आणि स्वतःच चकित झाली. आपल्याला हे कळलं?

"शाब्बास," दोन्हीकडून एकदम आवाज आला. एक खुर्चीतून आणि एक समुद्रातून.

मग खोली पाण्याने भरली. सगळीकडे हलकी खळखळ झाली. कोपऱ्यातला सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या स्वरांसाठीचा खास स्पीकर) इतक्या हळू गुरगुरू लागला की तो पायांच्या तळव्यांना आधी कळला. डावीकडून, फार लांबून, एक हाक आली. उजवीकडून तिला उत्तर मिळालं. हाक जवळ आली, डोक्यावर आली आणि छताखालून सावकाश पलीकडे निघाली. तिच्या मागोमाग एक बारीक, उतावळा स्वर गेला.

आजोबा उभे राहिले होते. त्यांचं बोट त्या आवाजाबरोबर डावीकडून वर आणि वरून उजवीकडे फिरत होतं.

"पिल्लू आहे," ते म्हणाले. "आईच्या जरा मागे पडलंय आणि तिच्या खालून चाललंय. रेवा, बरोबर?"

"थांबा, बघते." आई तिकडच्या यंत्रावर बघत असावी. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, पण वेगळाच. "बरोबर, अण्णा. आमच्या यंत्राने त्या दोघांना एकच देवमासा धरलं होतं. पिल्लाची नोंदच झाली नव्हती."

पिल्लाचा स्वर लांब लांब होत गेला.

"इथे ऐकणारी माणसं हवी आहेत," आई म्हणाली. "मौनकाळात तर फारच. यंत्रांना शिकवायला कुणीतरी लागतं. या वर्षी जमणार नाही, सगळं ठरून गेलंय. पुढच्या वर्षी याल का?"

आजोबा खुर्चीत बसले. त्यांनी हात लांब केला आणि मृण्मयीने तो धरला. तिला वाटलं, ते नाही म्हणणार. वर्षभर ते सगळ्याला नाहीच म्हणत आले होते.

"तिकडे नेणाऱ्या पाणबुडीला शिडी असते की जिना?" आजोबांनी विचारलं.

"शिडी, अण्णा. उभी शिडी."

"हं." आजोबांनी गुडघे चोळले. मग मृण्मयीकडे तोंड करून म्हणाले, "मृणू, उद्या सकाळी मला खाली फिरायला ने. गुडघे पार आखडलेत माझे."